हुंडणावळ : परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे घरी येईपर्यंत

हुंडणावळ हा शब्द आता बहुतेकांच्या बोलण्यातून गेला आहे. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचवण्याबद्दल, किंवा एका नाण्याचे दुसरे नाणे करून देण्याबद्दल सराफ जे घेई, त्याला आपले वाडवडील हुंडणावळ म्हणत. शब्द गेला, परंतु वस्तू गेली आहे असे मात्र कोणी समजू नये. पूर्वी ती पेढीवर बसलेल्या सराफाच्या तोंडून ऐकू येई, आज ती मोबाइलच्या पडद्यामागे बसली आहे आणि तोंडातून अक्षर काढीत नाही, एवढाच फरक. परदेशातील गिऱ्हाइकाने घरबसल्या एक कळ दाबावी आणि आपल्या पडद्यावर ‘पैसे मिळाले’ असा निरोप उमटावा, हे आता नवलाचे राहिलेले नाही. परंतु तो निरोप आणि आपल्या खात्यातील रुपये यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. ते अंतर कोण तोडतो, त्याबद्दल कोण किती घेतो, आणि वाटेत काही सांडले तर नुकसान कोणाचे, एवढ्याच गोष्टींचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विषय मुंबईच्या मोठ्या पेढ्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झालेल्या या आपल्या पालघर जिल्ह्याकडे नीट पाहिले, तर परदेशाशी व्यवहार करणारी माणसे येथे गल्लोगल्ली सापडतील. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतून रसायने, औषधी द्रव्ये, कापड आणि पोलादी माल बाहेर जातो. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि २०२१ साली तो चिकू त्या मानांकनासह ब्रिटनला रवाना झाला. वारली चित्रकलेलाही असेच मानांकन आहे. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे चित्रे काढणारे हात पाड्यापाड्यांतून आहेत. शिवाय डहाणू रोडपर्यंत येणाऱ्या लोकलने रोज मुंबईला जाण्याऐवजी घरी बसून जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या कंपनीसाठी संगणकाचे काम करणारे तरुणही आता पुष्कळ झाले. कारखानदार, बागायतदार, चित्रकार आणि हा तरुण या चौघांचे धंदे निराळे. पण चौघांनाही एक प्रश्न सारखाच पडतो. गिऱ्हाईक डॉलर देतो, युरो देतो, दिरहम देतो. आपल्याला वाण्याचे बिल रुपयांत भरायचे असते. हा बदल कोठे आणि कोणत्या भावाने होतो?

प्रश्न नवा नाही, फार जुना आहे. आणि त्याचा एक जुना दाखला आपल्याच परिसराशी निगडित आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे हे लेख. त्याने केलेल्या धर्मकृत्यांच्या यादीत शूर्पारकाचे, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचे, नाव येते. आणि ज्या नद्यांवर त्याने लोकांसाठी फुकट तर चालू केली त्या नद्यांमध्ये ‘दाहनुका’ हे नाव येते. हीच आपली डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. याच लेण्यात एका देणगीची नोंद आहे : सत्तर हजार कार्षापण, आणि लगेच पुढे खुलासा आहे, की पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या हिशेबाने दोन हजार सुवर्ण. कार्षापण हे चांदीचे नाणे, सुवर्ण हे सोन्याचे. देणगी देणाऱ्याने केवळ रक्कम सांगून भागवले नाही. कोणत्या भावाने सोन्याची चांदी झाली, तो भावही दगडात कोरून ठेवला. सत्तर हजाराला पस्तीसने भागा, बरोबर दोन हजार येतात. दोन हजार वर्षांच्या आसपास लोटली तरी तो हिशेब आजही कोणालाही तपासून पाहता येतो. त्याच सुमारास एका ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांची जी वहिवाट लिहून ठेवली आहे, तिच्यात सोपाऱ्याचा उल्लेख आहेच. शिवाय भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर स्थानिक नाण्यांशी बदल करताना नफा होतो, असेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे माल विकणे हा एक धंदा आणि नाणे बदलणे हा त्याच्या शेजारी चाललेला दुसरा धंदा, हे त्या काळच्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते. आजच्या विक्रेत्याला ते ठाऊक असतेच असे नाही. आमच्या सर्व विवेचनाचे सार एवढेच आहे, की या दुसऱ्या धंद्याचा भाव जो विचारीत नाही, त्याला तो न विचारता भरावा लागतो.

आता पैसा येतो कसा ते पाहू. समजा, बर्लिनमधील एका गृहस्थाने गंजाडच्या एका चित्रकाराचे चित्र शंभर युरोंना पसंत केले आणि आपल्या कार्डाने पैसे भरले. लोकांची समजूत अशी, की त्या गृहस्थाच्या खात्यातून शंभर युरो निघाले आणि तारेवरून धावत पालघरला आले. तसे काही होत नाही. कळ दाबल्याबरोबर जे धावते तो निरोप असतो. चित्रकाराच्या वतीने पैसे गोळा करणारी मध्यस्थ संस्था तो निरोप आपल्या बँकेकडे देते, बँक तो व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कार्डव्यवस्थेकडे देते, आणि ती व्यवस्था गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारते : या माणसाकडे एवढे पैसे आहेत काय? बँक ‘होय’ म्हणते आणि तेवढी रक्कम अडकवून ठेवते. हे सारे दोन-चार सेकंदांत होते. आपल्या पडद्यावर उमटतो तो हा ‘होय’. खरा पैसा त्यानंतर काही दिवसांनी, शेकडो व्यवहारांची एकत्र बेरीज-वजाबाकी होऊन, बँकाबँकांत फिरतो. आणि त्या फिरण्यात कोठेतरी युरोचा रुपया होतो. म्हणजे पडद्यावरचे पैसे हे वचन, आणि खात्यातले पैसे ही वसुली. आमच्या बाजारपेठेतला जुना व्यापारी हुंडी हाती आल्याबरोबर रोकड जमा लिहीत नसे. हुंडी पटली म्हणजे मग लिही. तोच नियम येथेही पाळणे हिताचे.

मोठ्या रकमा कार्डाने येत नाहीत, त्या बँकेकडून बँकेकडे येतात. तेथे ‘स्विफ्ट’ या संस्थेचे नाव आपण ऐकतो. १९७३ साली बेल्जियममध्ये ही संस्था स्थापन झाली. स्विफ्टने पैसे आले, असे आपण म्हणतो खरे, पण स्विफ्ट पैसे नेत नाही. ती बँकांचे निरोप खात्रीने पोचवते, एवढेच. पैसे सरकतात ते बँकांनी परस्परांकडे ठेवलेल्या खात्यांवर. आपल्या बँकेचे न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेत डॉलरचे खाते असते. तेथे जमा झाली की येथे आपल्याला रुपये मिळतात. मध्ये एक-दोन बँका आल्या तर प्रत्येक आपली आडत कापून घेते. म्हणून बीजकावर शंभर आणि हातात नव्वद, असा प्रकार होतो. पाठवणाऱ्याने पैसे पाठवतानाच सर्व खर्च आपल्या अंगावर घेतल्याचे बँकेला सांगितले तर ही कापाकापी टळते. पण तसे आधी ठरवून बीजकावर लिहिले पाहिजे.

या प्रवासात विक्रेत्याच्या खिशातून काय जाते? दर रोज बदलतात, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे आपण धरून चालू. शंभर डॉलरची विक्री. बाजारात त्या दिवशी डॉलरचा भाव ९० रुपये. मध्यस्थाचे कमिशन शेकडा ४. आणि तो डॉलर घेतो बाजारभावापेक्षा शेकडा ३ कमी भावाने, म्हणजे ८७ रुपये ३० पैशांनी. शंभरातून चार गेले, उरले ९६ डॉलर. ते ८७.३० ने गुणले तर ८,३८० रुपये ८० पैसे हाती येतात. बाजारभावाने शंभर डॉलरचे ९,००० व्हायला हवे होते. ६१९ रुपये २० पैसे वाटेत राहिले. त्यातले ३६० रुपये कमिशन म्हणून पावतीवर दिसतात. उरलेले २५९ रुपये २० पैसे कोठेच दिसत नाहीत, कारण ते दरात मुरलेले असतात. हीच ती हुंडणावळ. ‘आमच्याकडे चलन बदलण्याचा आकार शून्य’ अशी जाहिरात वाचली, तर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की बदलता कोणत्या दराने? ताडून पाहणे अवघड नाही. डॉलर, युरो, पौंड, येन या चलनांचे संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी जाहीर करते. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करीत असे. आपल्याला मिळालेला दर त्याच्या शेजारी मांडला की फरक कळतो. संदर्भ दरानेच पैसे मिळावेत असा आग्रह धरता येणार नाही. सराफालाही पोट आहे. पण फरक किती, हे कळणे हा विक्रेत्याचा हक्क आहे.

कोणता मार्ग कोणाला बरा, हेही याच हिशेबावरून ठरते. बँकेच्या मार्गात खर्चाचा मोठा भाग ठोक असतो. वीस डॉलर धरा. शंभर डॉलरच्या चित्राला हा मार्ग घेतला तर पाचवा हिस्सा वाटेतच संपेल. चित्रकाराला शेकडेवारीने कापणारा कार्डाचा मार्गच परवडतो. उलट बोईसरच्या कारखान्याचे बीजक पन्नास हजार डॉलरचे असेल, तर वीस डॉलर म्हणजे काहीच नाही. पण शेकडा चारने कापले तर दोन हजार डॉलर, म्हणजे वरच्या भावाने एक लाख ऐंशी हजार रुपये जातील. अशा कारखानदाराने कमिशनापेक्षा दराकडे डोळा ठेवावा. डॉलरमागे पन्नास पैसे बँकेकडून वाढवून घेतले, तर पन्नास हजार डॉलरवर पंचवीस हजार रुपये वाचतात. बँकेशी दराची घासाघीस करता येते, हेच पुष्कळ लहान कारखानदारांना ठाऊक नसते. छापील दर म्हणजे ब्रह्मवाक्य समजून ते सही करतात.

येथवर एका चलनाचे झाले. गिऱ्हाइके अनेक देशांची असली, तर किंमत कोणत्या नाण्यात सांगावी? याला तीन रीती आहेत. पहिली, किंमत रुपयांतच सांगावी. मग दर चढो की उतरो, आपल्याला ठरलेले रुपये मिळतात; बदलाचा खर्च आणि धोका गिऱ्हाइकावर पडतो. परंतु परक्या गिऱ्हाइकाला ९,००० रुपये म्हणजे किती हे उमगत नाही, आणि जे उमगत नाही त्यावर माणूस पैसे खर्च करीत नाही. दुसरी रीत, गिऱ्हाइकाला त्याच्या नाण्यात किंमत दाखवावी आणि आपण रुपये घ्यावेत. विक्री वाढते, पण किंमत ठरवल्यापासून पैसे हाती येईपर्यंत दर हलला तर तो फायदा-तोटा आपला. आणि माल परत आला तर आणखी एक गोष्ट : पैसे परत द्यायचे ते गिऱ्हाइकाच्या नाण्यात, त्या दिवशीच्या दराने; म्हणजे नाणेबदलाचा खर्च दुसऱ्यांदा भरावा लागतो. तिसरी रीत निर्यातदारांसाठी आहे. बँकेत ईईएफसी नावाचे खाते उघडून आलेले परकीय चलन काही काळ तसेच ठेवता येते. ज्याला कच्चा माल डॉलरमध्ये आणायचा आहे त्याने आधी डॉलरचे रुपये करावेत आणि मग रुपयांचे पुन्हा डॉलर करावेत, हा दुहेरी भुर्दंड त्यामुळे वाचतो. मात्र हे खाते साठवणुकीसाठी नव्हे. त्यावर व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेल्या रकमेतील न वापरलेला भाग पुढच्या महिन्याअखेर रुपयांत बदलावा लागतो.

दराचा धोका म्हणजे काय, हे तारापूरइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. येथील अणुवीज केंद्राची उभारणी अमेरिकेच्या कर्जाने आणि अमेरिकन कंपनीच्या कराराने झाली. ऑक्टोबर १९६९ मध्ये ते व्यापारी तत्त्वावर चालू झाले. बांधकाम चालू असतानाच ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवशी एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते साडेसात झाले. म्हणजे डॉलरमध्ये जे जे देणे होते, त्याच्या प्रत्येक शंभर डॉलरला ४७६ रुपयांऐवजी ७५० रुपये लागू लागले. करारातले एक अक्षर बदलले नव्हते. ज्याला डॉलर द्यायचे असतात त्याला अशा वेळी फटका बसतो, ज्याला घ्यायचे असतात त्याला लाभ होतो. उद्या वारा फिरला की उलटे होते. आता दर रोजच थोडाथोडा हलतो, म्हणून तो धक्का एकदम जाणवत नाही, एवढेच. लहान विक्रेत्याने दराचा अंदाज बांधून नफा मिळवण्याच्या नादी लागू नये. किमतीत थोडी जागा ठेवावी आणि ती किंमत दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी.

सर्व नाणी एका साच्याची नसतात, ही गोष्टही अनेक चलनांत विकणाऱ्याने ध्यानात ठेवावी. रुपयाचे शंभर पैसे, डॉलरचे शंभर सेंट. म्हणून जगात सगळीकडे शंभरच, असे आपण धरून चालतो. परंतु जपानच्या व्यवहारात येनचा भाग चालत नाही. येन हाच सर्वांत लहान. उलट कुवेतच्या दिनारचे एक हजार फिल्स होतात. संगणकाला रक्कम सांगण्याची रीत पुष्कळदा सर्वांत लहान नाण्यात असते. शंभर डॉलर म्हणायचे तर दहा हजार सेंट. हाच नियम डोळे मिटून येनला लावला, तर शंभर येनच्या वस्तूला दहा हजार येन कापले जातील. आणि दिनारला लावला तर मालाची दहा हिस्से किंमत सोडून एकच हिस्सा हाती येईल. अमिरातीच्या दिरहमचे आणखी निराळे : त्याची गाठ डॉलरशी बांधलेली आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून दुबईच्या गिऱ्हाइकाला दिरहममध्ये किंमत सांगितली काय आणि डॉलरमध्ये सांगितली काय, दराचा धोका एकच. एकाच टोपलीतली दोन अंडी दोन टोपल्यांत आहेत असे समजू नये.

आता कायद्याकडे वळू. परदेशातून आलेला पैसा माझा, मग सरकार मध्ये का, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. उत्तर असे, की आपण विकलेल्या मालाच्या मोबदल्यात आलेले परकीय चलन हे देशाच्या तेल-यंत्रांच्या बिलांचेही साधन असते. १९९१ साली ही गंगाजळी इतकी आटली, की सोने गहाण टाकून देशाला दिवस काढावे लागले. म्हणून कोणते चलन कशाबद्दल आले याची नोंद ठेवली जाते. १९९९ च्या फेमा कायद्याने पूर्वीची करडी दृष्टी सैल केली. तरी दोन गोष्टी राहिल्या. निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत देशात आणले पाहिजेत. ही मुदत बरीच वर्षे नऊ महिन्यांची होती, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधरा महिने करण्यात आली. आणि पैसे कशाबद्दल आले हे ठरावीक सांकेतिक क्रमांकाने बँकेला सांगितले पाहिजे. मालाचा क्रमांक निराळा, संगणकसेवेचा निराळा, नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेल्या पैशांचा निराळा. घाईने भलताच क्रमांक लिहिला, तर पुढे कराच्या वेळी आपलीच कमाई आपल्याला भेट म्हणून समजावून सांगण्याची पाळी येते.

ऑनलाइन मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१० साली प्रथम नियम घातले. तेव्हा एका व्यवहाराची मर्यादा केवळ ५०० डॉलर होती. ती वाढत वाढत दहा हजार डॉलरपर्यंत गेली. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने अशा संस्थांना थेट रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आणले आणि मर्यादा पंचवीस लाख रुपये झाली. वर आपण पन्नास हजार डॉलरचे बीजक पाहिले. त्याचे पंचेचाळीस लाख होतात. म्हणजे त्या कारखानदाराला बँकेचा मार्ग स्वस्त तर आहेच, पण या मर्यादेमुळे आवश्यकही आहे. विक्रेत्याने मात्र या नियमांतून एक साधा बोध घ्यावा : जी संस्था आपले पैसे गोळा करते तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे काय, हे रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्ध यादीत पाहिल्याशिवाय तिच्या हाती आपली विक्री देऊ नये.

कागदांचा कंटाळा हा आपल्याकडील लहान व्यावसायिकाचा जुना आजार. येथे तो महागात पडतो. माल बाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक लागतो; तो घरबसल्या मिळतो आणि त्याची फी पाचशे रुपये आहे. बाहेर गेलेल्या माल-सेवेवर जीएसटी शून्य दराने लागतो. पण त्यासाठी दरवर्षी हमीपत्र भरावे लागते आणि परदेशातून पैसा आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा लागतो. सेवा विकणाऱ्यांसाठी तर पैसा परकीय चलनात येणे, किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिलेल्या मार्गाने रुपयांत येणे, ही निर्यातीच्या व्याख्येतलीच अट आहे. एक उदाहरण घेऊ. बोईसरचा तरुण लंडनच्या गिऱ्हाइकाचे काम करतो. गिऱ्हाईक म्हणतो, ‘माझा भाचा ठाण्याला आहे, तो तुम्हांला यूपीआयने रुपये देईल.’ पैसे त्याच क्षणी येतात, हुंडणावळ एक पैसाही पडत नाही, तरुण खूश होतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने ही निर्यात राहत नाही, आणि अठरा टक्के कर त्याच्या गळ्यात पडू शकतो. तीन टक्के वाचवायला गेले आणि अठरा घालवून बसले, असा हा व्यवहार. चित्रकारांसारख्या लहान विक्रेत्यांसाठी टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. पार्सलाबरोबर निर्यातीचा कागदही तेथे तयार होतो, आणि आलेल्या पैशाशी त्या कागदाचा मेळ घालता येतो.

धोक्यांबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कार्डाने दिलेले पैसे गिऱ्हाईक तक्रार करून परत मागू शकतो. बऱ्याच कारणांसाठी ही मुदत एकशेवीस दिवसांची असते. ‘माल मिळालाच नाही’ अशी तक्रार आली, तर पोच दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. पार्सलाची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार चार महिने तरी जपलाच पाहिजे. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. तेव्हापासून दारात जकात भरायला सांगितल्यावर गिऱ्हाइकाने पार्सल नाकारावे आणि पैसे परत मागावेत, ही शक्यता वाढली आहे. जकात कोणी भरायची हे विक्रीच्या वेळीच लिहून द्यावे. लबाडीचाही एक ठरीव प्रकार आहे. अनोळखी गिऱ्हाईक शंभराऐवजी पाचशे भरतो आणि ‘चुकून जास्त गेले, चारशे या दुसऱ्या खात्यावर परत पाठवा’ म्हणतो. मूळ कार्ड चोरीचे निघते. पाचशे परत जातात आणि चारशे आपले बुडतात. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत करावेत, दुसऱ्या नाही.

या सगळ्यात ज्याचे सर्वांत जास्त अडते तो पाड्यावरचा चित्रकार. कारखानदाराला हिशेबनीस आहे, संगणकवाल्या तरुणाला इंग्रजी येते. चित्रकाराच्या आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या मध्ये मात्र दुकानदार, दलाल, संकेतस्थळ, मध्यस्थ संस्था आणि बँक अशी साखळी उभी असते. चित्र किती डॉलरला गेले हे त्याला कळत नाही. हाती पडलेले रुपये हीच किंमत, असे तो समजतो. मध्यस्थ सगळे लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. गिऱ्हाईक शोधणे, पार्सल बांधणे, कर भरणे ही कामे आहेत आणि कामाला मोल आहे. पण ते मोल उघड असावे. नाशिकच्या शिलालेखात जे एका ओळीत साधले, ते आजच्या पावतीत चार ओळींत साधता येईल : गिऱ्हाइकाने कोणत्या नाण्यात किती दिले; त्यातून काय काय कापले; उरलेल्याला कोणता दर लावला आणि त्या दिवशीचा संदर्भ दर काय होता; आणि अखेर किती रुपये झाले. या चार ओळी मराठीत छापून प्रत्येक विक्रीबरोबर चित्रकाराच्या हाती दिल्या, तर अर्धा अन्याय आपोआप थांबेल. कारण जो आकडा दुसऱ्याला दाखवायचा असतो, तो माणूस जरा जपून लिहितो. हेच काम एकेकट्याने करण्याऐवजी दहा घरांच्या बचत गटाने किंवा लहानशा सहकारी संस्थेने केले, तर एक निर्यात क्रमांक, एक बँकखाते आणि एक शिकलेली मुलगी एवढ्यावर सर्वांचे भागेल. आणि दहा चित्रांचे पैसे एकत्र बदलायचे म्हटले, की दराची घासाघीस करण्याची ताकदही येते. सहकाराची सवय महाराष्ट्राला नवी नाही. ती साखर आणि दुधापाशीच का थांबावी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

ही हुंडणावळ कमी व्हावी म्हणून जगातही खटपट चालू आहे. किरकोळ रकमा देशाबाहेर पाठवण्याचा सरासरी खर्च २०२७ अखेर शेकडा एकापेक्षा जास्त नसावा, असे उद्दिष्ट जी-२० राष्ट्रांनी ठरवले आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आपली यूपीआय व्यवस्था सिंगापूरच्या पेनाऊ व्यवस्थेशी जोडली गेली, ते याच दिशेने टाकलेले पाऊल. परंतु ती सोय मुख्यतः माणसामाणसांत पैसे पाठवण्याची. परदेशी गिऱ्हाइकाकडून मालाचे पैसे घेणाऱ्याला अजून मध्यस्थाच्या नावेतच बसावे लागते. उषवदाताने दाहनुकेवर नाव घातली ती फुकट. आपल्याच चिंचणीत सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाणच्या अरब अधिकाऱ्यानेही दोन प्रवाहांवर फुकट नावा सुरू केल्याचा उल्लेख आहे. नदी ओलांडण्याचा खर्च गरिबाच्या मालावर पडू नये, हे त्या दोघांनाही कळले होते. देशाच्या आत यूपीआयने अशी नाव घातली आहे. समुद्रापलीकडची नाव येईल तेव्हा येवो. तोवर नावाड्याला उतारूने भाडे विचारावे, आणि विचारलेले भाडे लिहून घ्यावे.